कंपनीला काय फरक पडतो म्हणे!

आपल्याकडे एक वाक्य आहे, ते नुसतं म्हटलं की चोरी ही चोरी वाटेनाशी होते. "एवढी मोठी कंपनी, तिला काय फरक पडतो?" नवरात्रात घागरा मागवायचा, टॅग आत दुमडून पिनेने अडकवायचा, बोरिवलीत दोन रात्री गरबा खेळायचा आणि मग "साइज बसली नाही" म्हणून पिकअप लावायचा. जेवण चाटूनपुसून संपवायचं आणि ॲपवर लिहायचं की डाळ सांडलेली आली. गाडीचा बंपर सोसायटीच्या खांबाला घासला, क्लेम करतोच आहोत तर मागच्या वर्षीचा दरवाज्यावरचा डेंटपण त्यातच काढून घ्या असं गॅरेजवाला स्वतःच सुचवतो आणि आपण "बघा, जमलं तर" म्हणून मान डोलावतो. कुणाला यात काही वावगं वाटत नाही, उलट सोसायटीच्या ग्रुपवर ही ट्रिक शेअर होते, खाली चार अंगठे पडतात आणि एखादा काळजीने विचारतो, "अजून चालतं का हे? अकाउंट ब्लॉक नाही ना होत?"

आणि गंमत म्हणजे हे करणारी माणसं चोर नसतात हो. दादर स्टेशनबाहेर भाजीवाल्या मावशीने शंभराची नोट पाचशेची समजून जास्तीचे सुटे हातात ठेवले तर हीच माणसं पुलावरून, त्या संध्याकाळच्या गर्दीत, उलटी खाली येतात आणि "मावशी, जास्त दिलेत" म्हणून पैसे परत करतात. घरकामाच्या ताईंचा एखादा खाडा चुकून जास्त धरला गेला तर यांना चुटपुट लागते. म्हणजे प्रामाणिकपणा आहे, पण समोर माणसाचं तोंड दिसलं तरच तो जागा होतो, लोगो दिसला की परत झोपतो.

मला यावर प्रवचन द्यायचं नाहीये, कारण "कंपन्यांशीही प्रामाणिक राहा" असं कुणी म्हटलं की पहिली चीड मलाच येते. ज्या कंपन्या सबस्क्रिप्शन चालू करायला एक बटण देतात आणि बंद करायला सात पानं फिरवतात त्यांच्याशी कसला आलाय सदाचार. त्यामुळे कंपनीचं नुकसान होतंय का हा प्रश्न मी विचारतच नाही. नुकसान खुशाल करा. तीन कूपन लागत असतील तर तिन्ही लावा, फ्री ट्रायल संपायच्या आदल्या दिवशी बंद करा, क्रेडिट कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण भरून पॉइंट्स उकळा आणि व्याजाचा एक रुपया त्यांना बघू देऊ नका, रिटर्नची मुदत महिन्याची असेल आणि वस्तू खरंच आवडली नसेल तर शेवटच्या दिवशी परत करा. नियम त्यांनीच बनवलेत, त्यांच्या वकिलांनी वाचून पास केलेत, त्यातून आपला फायदा निघत असेल तर घ्यायला लाज कसली? माझी अट एकच आहे. खोटं बोलायचं नाही. आलेलं "आलं नाही" म्हणायचं नाही आणि वापरलेलं "वापरलं नाही" म्हणायचं नाही.

रेघ इथेच का ओढायची, तर मुख्य कारण पैशाचं आहे. आपण समजतो की रिफंड कंपनीच्या तिजोरीतून येतो. तो बऱ्याचदा तिकडून येतच नाही.

लालबागला ओळखीचे एक काका पोळीभाजी केंद्र चालवतात. दहा बाय बाराचा गाळा, आत काकू आणि दोन बाया पोळ्या लाटतात, बाहेर काउंटरवर मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवलेला टॅब, ऑर्डर आली की तो असा कोकलतो की रस्त्यावरचा माणूस वळून बघतो. त्यांनी एकदा मला त्या आठवड्याचा हिशोब दाखवला. ऑर्डरची रक्कम, त्यातून कमिशन, मग जाहिरातीचे पैसे, मग कर, आणि खाली एक ओळ, ग्राहकाच्या तक्रारीपोटी वजा. दोन भाज्या, सहा पोळ्या, वरण-भात अशी ऑर्डर होती, ग्राहकाने लिहिलं होतं की एक भाजी आलीच नाही. काकांचं म्हणणं, आली नाही कशी, डबे भरून झाले की काकू स्वतः मोजतात, वर सेलोटेप मारतात आणि टेपवर पेनाने वेळ लिहितात. आता तर पिशवीची गाठ मारायच्या आधी प्रत्येक ऑर्डरचा फोटो काढतात. मी म्हटलं मग तो फोटो पाठवा की, वाद घाला. तर म्हणाले, "घाला म्हणतात ना वाद, तेवढी सोय आहे. पण ते सगळं टाइप करायचं, तेही इंग्रजीत, आणि तेव्हाच दुपारची गर्दी असते. शंभर रुपयासाठी गिऱ्हाईक उभं ठेवू का?"

म्हणजे ज्याने ती भाजी खाऊन "आली नाही" लिहिलं त्याच्या डोक्यात समोर काचेच्या इमारतीतली कंपनी होती. भुर्दंड बसला तो पोळ्या लाटणाऱ्या काकूंना. आणि दोघांच्या मध्ये बसलेल्या कंपनीने काय केलं, तर ग्राहकाला दोन मिनिटांत रिफंड देऊन "आम्हाला तुमची काळजी आहे" असा मेसेज पाठवला. रिफंड ज्याच्या चुकीमुळे द्यावा लागला असं त्यांच्या सिस्टिमला वाटतं त्याच्यावर तो टाकता येतो, आणि सिस्टिमला काय वाटावं हे तुमच्या खोट्या तक्रारीवर ठरतं.

डिलिव्हरीवाल्याचं तर याहून वाईट. "पार्सल मिळालंच नाही" ही तक्रार दोनचार वेळा एकाच मुलाच्या नावावर आली तर त्याचा आयडी बंद होतो, आणि मग तो कुणाकडे दाद मागणार? त्याचा साहेब म्हणजे पण एक ॲपच. धो धो पावसात हिंदमाताच्या पाण्यातून गाडी ढकलत आलेला मुलगा, आपण त्याला दारात "थँक्यू भाऊ" म्हणतो, पाणी देतो, आणि दार लावून आत जाऊन बटण दाबतो. मगाशी म्हटलं ना, तोंड दिसलं की प्रामाणिकपणा जागा होतो, तर इथे तोंड दिसलेलं असतं, फक्त पैसे त्याच्या खिशातून जाताना दिसत नाहीत.

विम्याचंही तसंच. विमा म्हणजे शेवटी एक मोठी भिशीच, फक्त बाकीचे मेंबर आपल्या ओळखीचे नसतात. हॉस्पिटलात काउंटरवर पहिला प्रश्न येतो, "मेडिक्लेम आहे का?" आणि "आहे" म्हटलं की रूम बदलते, तपासण्या वाढतात, एक दिवस जास्त ठेवून घेतात. पेशंटचे नातेवाईक पण म्हणतात, असू दे, आपल्या खिशातून थोडंच जातंय. आरोग्य विम्याच्या वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला तेव्हा सगळे खूश झाले, मीपण झालो, पण मूळ हप्ता कशावर ठरतो? त्या वयाच्या, त्या शहरातल्या लोकांनी किती क्लेम केले यावर. मुंबईकर जास्त हप्ता भरतो त्यात इथली महागडी हॉस्पिटलं आहेतच, पण "असू दे की" म्हणणारे आपण पण आहोत. आणि पुढच्या वर्षी हप्ता वाढून आला की आपणच ग्रुपवर "लूट आहे नुसती" असं लिहिणार.

आता तर खोटं बोलणं इतकं सोपं झालंय की विचारू नका. २०२५ च्या शेवटी शेवटी सोशल मीडियावर एक प्रकार फिरत होता, अंड्यांच्या ट्रेमध्ये एकच अंडं फुटलेलं, फोटो एआयला दिला, अजून फोडून दे म्हटलं, त्याने फटाफट वीसेक अंडी फोडून दिली आणि पूर्ण रिफंड मिळाला म्हणे. लोक हसत होते. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, कारण याचा पुढचा अंक ठरलेला आहे. ज्याची खरंच अंडी फुटून येतील त्याच्या फोटोवर आता कुणी विश्वास ठेवणार नाही, त्याला व्हिडिओ काढा, बॉक्स उघडताना सलग शूट करा असं सांगतील. दारात ओटीपी द्या, डिलिव्हरीवाल्यासमोर बॉक्स उघडा, या वस्तूला रिटर्न नाही फक्त रिप्लेसमेंट, हे सगळं काही हवेतून आलेलं नाही. आमच्या शेजारच्या काकूंना, ज्यांनी आयुष्यात कुणाला रुपयाला फसवलं नाही, फुटकी बरणी परत करताना कोर्टात उभं असल्यासारखे पुरावे द्यावे लागतात, तो बोजा कुणी टाकला?

इथे समोरून हमखास प्रश्न येतो आणि तो मला पूर्ण मान्य आहे. कंपन्या काय कमी चोर आहेत का? नाहीत ना, बिलकूल नाहीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ॲप-वेबसाइटवर ग्राहकाला गंडवायच्या क्लृप्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात १३ प्रकारच्या फसवणुकी नावानिशी लिहिल्यात. खोटी घाई करणं, "फक्त दोन शिल्लक" वालं. न विचारता कार्टमध्ये वस्तू सरकवणं. आधी कमी किंमत दाखवून शेवटच्या पानावर चार फी चढवणं. "नको, मला पैसे वाचवायचे नाहीत" असं बटण ठेवून माणसाला लाजवणं. ही यादी वाचताना मला प्रत्येक कलमाला आपल्याच फोनमधलं एक ॲप आठवत गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये याच प्राधिकरणाने रॅपिडोला १० लाखांचा दंड केला, जाहिरात होती की पाच मिनिटांत ऑटो नाहीतर ५० रुपये घ्या, आणि प्रत्यक्षात "५० रुपयांपर्यंत", तेही पैसे नाहीत, त्यांचीच कॉइन्स, तीही फक्त बाइक राइडला चालणार, आणि सात दिवसांत संपणार. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये ओलाला सांगावं लागलं होतं की रिफंड कूपनमध्ये हवा की बँकेत हे ग्राहकाला ठरवू द्या. म्हणजे स्वतःचेच पैसे परत घेताना ते कशात घ्यायचे हे निवडायला सुद्धा सरकारी आदेश लागला. हॉटेलातल्या सर्व्हिस चार्जचं तेच, २०२२ मध्ये सूचना निघाल्या की तो बिलात आपोआप लावायचा नाही, हॉटेलवाले कोर्टात गेले, मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना उचलून धरल्या. तरी अजून कुठे कुठे बिलात दिसतोच, बघा जरा.

तर असे हे लोक, आणि त्यांच्याशी मी खरं का बोलू?

कारण सांगतो. तुम्हाला त्यांच्यावर सूड उगवायचा आहे ना, मग तो त्यांच्यावर तरी उगवा. ज्याने सर्व्हिस चार्ज लावला त्या हॉटेलाचा राग डाळ सांडली म्हणून दुसऱ्याच गाळेवाल्यावर काढणं, याला हिशोब चुकता करणं म्हणत नाहीत. मला तर वाटतं की खोटा रिफंड घेणं ही मुळात तक्रार करायचा कंटाळा करणाऱ्यांची पद्धत आहे. खरी तक्रार करायला अर्धा तास लागतो, बिल शोधावं लागतं, स्वतःचं नाव द्यावं लागतं. खोट्या रिफंडला दोन टॅप पुरतात, आणि वर आपण व्यवस्थेला कसं गंडवलं याचा आनंद.

आणि खऱ्या तक्रारीच्या वाटा आपल्याला वाटतात तितक्या बंद नाहीत. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर किती जणांच्या फोनमध्ये सेव्ह आहे? २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार प्रत्येक प्लॅटफॉर्मला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची, त्याचं नाव आणि ईमेल वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरात असतं. चॅटबॉटशी भांडत बसण्यापेक्षा त्या ईमेलवर तारीख टाकून चार ओळी लिहिल्या की भाषा एकदम बदलते, हा माझा अनुभव. एका तिकीट बुकिंगवाल्याने न विचारता "संरक्षण प्लॅन" चिकटवून पैसे कापले होते, चॅटवर तासभर "आम्ही समजू शकतो" चाललं होतं, १९१५ वर तक्रार टाकली आणि त्याचा नंबर ईमेलमध्ये लिहिला तर पैसे गुपचूप परत आले. रक्कम किरकोळ होती. पण ती मी त्यांच्याचकडून, त्यांच्याच चुकीसाठी, खरं सांगून घेतली आणि कुठल्या काकूंच्या पोळ्यांमधून घेतली नाही.

त्याच्या पुढे ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने, जो जुलै २०२० पासून लागू झाला, आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात केस टाकता येते, कंपनीचं ऑफिस गुडगावला असेना का. मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लागतोच असं नाही. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या होतो. हां, आता खोटं कशाला बोलू, कायद्यात लिहिलंय तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागणार असेल तर पाच, आणि प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात हे तिथे गेलेला कुणीही सांगेल. या दिरंगाईचा फायदा सरळ कंपन्यांना होतो आणि त्याबद्दल बोंब मारायलाच पाहिजे. पण या शहरात १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत आहे, ज्यांनी घरोघरी संघ करून एकत्र वाणसामान घ्यायची चळवळ उभी केली आणि सोबत ग्राहक हक्कांची भांडणंही लढली. मोठ्यांशी एकट्याने जमत नसेल तर दहा घरांनी मिळून उभं राहायचं, हे या शहराला कुणी नव्याने शिकवायला नको. आपण मात्र दहा घरं मिळून काय करतो, तर रिफंडची ट्रिक शेअर करतो.

बरं, खोटं नको म्हटलं तरी सगळं सोपं होत नाही. काही ठिकाणी माझीपण गाडी अडते.

किंमत चुकलेली दिसली तर? २०१९ च्या प्राइम डेला अमेरिकेत ॲमेझॉनवर १३,००० डॉलरची कॅमेऱ्याची लेन्स ९४ डॉलरला लागली होती आणि लोकांनी धडाधड घेतली. माझ्या हिशोबात यात खोटं काही नाही. किंमत त्यांनी लावली, मी भरली. त्यांनी ऑर्डर रद्द केली तर मी कपाळ बडवणार नाही, आणि पाठवली तर परत देणार नाही. हेच आमच्या नाक्यावरच्या शहांच्या दुकानात झालं, बाराशेच्या कुकरवर चुकून एकशेवीसचं लेबल, तर मी सांगेन. का? कारण शहांकडे चूक पकडायला दुसरं कुणी नाहीये, आणि उद्या मला त्यांच्याकडूनच उधार आणायचंय. म्हणजे मीपण तोंड बघूनच वागतो की काय? थोडंफार, हो. मोठ्याला आणि छोट्याला एकच माप लावायला पाहिजे असं मी कधी म्हटलंच नाही, खोटं बोलायचं नाही एवढंच दोघांना सारखं.

पासवर्डचं प्रकरण अजून मजेशीर. नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये स्वतःच ट्वीट केलं होतं की पासवर्ड शेअर करणं म्हणजे प्रेम. मग सगळ्यांना सवय लागली, आणि जुलै २०२३ मध्ये भारतात सांगितलं की एक अकाउंट एकाच घरापुरतं. आता ज्याने स्वतः इतकी वर्षं डोळा मारला त्याने एका सकाळी पोलिस व्हायचं, तर डोंबिवलीतल्या बहिणीला पासवर्ड देणाऱ्याला मी चोर म्हणणार नाही. "हे तुमचं घर आहे का" असं स्क्रीनवर विचारल्यावर "हो" दाबायचं की नाही हे ज्याचं त्याने बघावं. मी दाबत नाही. बहीण चिडते.

आणि जास्त आलेल्या वस्तूचं काय? आमच्याकडे एका मिक्सरची ऑर्डर होती, आले दोन. बायकोचं म्हणणं, राहू दे, गावी आईकडे पाठवू. १८७२ चा भारतीय करार कायदा, त्याचं कलम ७२ स्पष्ट सांगतं की चुकून मिळालेले पैसे किंवा वस्तू परत करावी लागते, म्हणजे हा काही नुसता संस्काराचा प्रश्न नाही. पण परत करायची कशी? ॲप उघडलं. पर्याय आले: ऑर्डर मिळाली नाही, वस्तू खराब आहे, वस्तू कमी आहे, चुकीची वस्तू आहे, इतर. "मला जास्त आलंय" हा पर्याय जगातल्या एवढ्या हुशार इंजिनीयरांना सुचलेलाच नाही. इतर दाबलं, लिहिलं की एक मिक्सर जास्त आलाय, घेऊन जा. बॉट म्हणाला, झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, तुम्हाला रिफंड हवा आहे का? परत लिहिलं. परत रिफंड. शेवटी एक बाई चॅटवर आली, तिने तीन वेळा विचारलं की "पण सर, तुमची तक्रार नक्की काय आहे?" तिला बिचारीला तिच्या स्क्रीनवर तसा प्रकारच नसणार. अशा वेळी माझं मत असं की आपलं कर्तव्य लेखी कळवण्यापुरतं आणि वस्तू न फोडता ठेवण्यापुरतं. आपल्या खर्चाने कुरियर करा, सुट्टी टाकून थांबा, हे मी करणार नाही, त्यांची चूक निस्तरायचा पगार मला मिळत नाही. न्यायला कुणीतरी आलं शेवटी. दोन मिक्सरांचे खोके बाहेरच्या खोलीत एकावर एक ठेवून आम्ही तोपर्यंत त्यावर पेपर ठेवत होतो.

सगळ्यात अवघड मला वाटतो तो टॅक्सीवाला. "साहेब, कॅन्सल करा ना, जेवढं दाखवतंय तेवढंच द्या, मला सगळं मिळेल." इथे पैसे खरंच कंपनीचेच जातात, आणि मिळतात ते समोर बसलेल्या माणसाला, ज्याच्या गाडीचा हप्ता थकलाय आणि ज्याच्याकडून कंपनी भरपूर कापते. म्हणजे मगाचचं माझं "भुर्दंड गरिबाला बसतो" हे इथे चालत नाही. तरी मी करत नाही. एक तर कॅन्सल केलेल्या राइडला काही झालं तर आपण त्या गाडीत होतो याचा कागद नाही. आणि दुसरं, कॅन्सल करताना ॲप कारण विचारतं, तिथे "ड्रायव्हर आलाच नाही" दाबलं तर ते त्याच्याच नावावर चढतं. पण तोच भाऊ नाक्यावर बिनाॲप उभा असेल आणि ठरवून यायला तयार असेल तर मी आनंदाने बसतो, त्यात कुणाशी खोटं नाही. कॅन्सल करणाऱ्याला मात्र चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि हो, कॉल सेंटरवर आई-बहिणीवरून शिव्या देणारे. मालाडला माइंडस्पेसमध्ये रात्री हेडफोन लावून बसलेल्या पोरीने तुमचा फोन खराब केलेला नाही. तिला तिकीट नंबर मागा, सीनियरला जोडायला सांगा, तेच वाक्य दहादा थंडपणे बोला. कंपनीला त्याचाच जास्त त्रास होतो.

आता माझी एक मागणी, कंपन्यांकडे नाही, कारण ते ऐकणार नाहीत, ग्राहक प्राधिकरणाकडे. रिफंडचं बटण दाबायच्या आधी स्क्रीनवर लिहून येऊ द्या की हे पैसे कुणाच्या हिशोबातून कापले जाणार आहेत. "हे १२० रुपये अमुक पोळीभाजी केंद्र, लालबाग यांच्याकडून वसूल केले जातील." किंवा डिलिव्हरीवाल्याच्या नोंदीवर जातील. किंवा आम्ही स्वतः सोसू. जे खरं असेल ते. ज्याची भाजी खरंच आली नाही तो तरीही दाबेल, आणि त्याने दाबलंच पाहिजे. ज्याने खाऊन ढेकर दिलाय त्याचा अंगठा मात्र तिथे क्षणभर तरी अडेल असं मला वाटतं, कारण हीच ती माणसं, जी दादरचा पूल उतरून मागे येतात.

कंपन्यांना हे का नकोय तेही उघड आहे. आज रिफंडचं श्रेय त्यांना मिळतं आणि बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतं, ग्राहक म्हणतो काय छान सर्व्हिस आहे. ते नाव एकदा स्क्रीनवर आलं की ग्राहकच विचारायला लागेल, अरे, पिशवी तर तुमच्या गाडीवर सांडली, मग पैसे त्या काकांचे का? किंमत कशी फुटते ते दाखवायची सक्ती करता येते तर रिफंड कुणाकडून येतो ते दाखवायची का नाही? त्या १३ प्रकारांच्या यादीत लपवलेला रिफंड हा चौदावा टाकायला कुणाची हरकत असेल, तर ती ऐकायला मला आवडेल.